तळी उचलायला घरात दोनच पुरुष, काय करावं? (शिवाय लेकीचे खंडोबाबद्दलचे प्रश्न)

घरचीआघाडी:
नमस्कार मंडळी. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. आजवर चंपाषष्ठीचं सगळं गावी मोठ्या जाऊबाईंकडे व्हायचं, आम्ही आयत्या वेळी पोचून भरीत-रोडग्यावर ताव मारायचा एवढाच आमचा सहभाग. यंदा मोठे दीर-जाऊ लेकाकडे बंगळूरला गेलेत, त्यामुळे देवाचा टाक (धातूच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती) आमच्याकडे आलाय आणि त्याच्यामागून घट, नंदादीप, तळी सगळंच आलंय. घटाचं मी करीन, सहा दिवस दिवा सांभाळणं काही अवघड नाही. अडलंय ते तळीपाशी, म्हणजे ताम्हणात देवाचं साहित्य ठेवून सगळ्यांनी मिळून ते उचलायचं असतं ना, तिथे. सासूबाई म्हणतात तळीला निदान पाच पुरुष लागतात. घरात पुरुष म्हणजे नवरा आणि सासरे, त्यातही सासऱ्यांना खाली बसता येत नाही. मी आणि दोन मुलींनी हात लावला तर चालतं का? कोणाकडे असं करतात का?

दुसरं म्हणजे धाकटी नववीत आहे, टाकाकडे बघून तिने प्रश्नांची फैर झाडलीये. देवाला दोन बायका कशा, त्या भांडतात म्हणे ते खरं का, कुत्रा कशाला, आणि सगळं पिवळंच का. मला धड एकाचंही उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी सांगावं.

भरीतप्रेमी:
आधी हे सांगा, भरीत कधी आहे आणि पत्ता काय? पाचवा पुरुष मिळाला समजा.

निवांत_बसलेला:
सहावा मी. पण सम संख्या चालत नाही म्हणे, तर सातवा कोणीतरी शोधा.

कऱ्हाकाठचा:
ताई, काळजी करू नका, आमच्याकडची रीत सांगतो, जेजुरीच्या जवळच गाव आहे आमचं. पितळेचं नाहीतर तांब्याचं ताम्हण घ्या, त्यात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या, भंडारा (हळदीची पूड) आणि एक नाणं. काही घरांत मधे कलश असतो, आमच्याकडं नुसत्या वाट्या. उचलणाऱ्यांच्या डोक्यावर टोपी नाहीतर रुमाल पाहिजे. गोल बसायचं, सगळ्यांनी ताम्हणाला हात लावायचा आणि येळकोट करत कपाळापर्यंत उचलायचं, परत खाली, असं तीनदा. खाली टेकवताना ताम्हणाखाली पान आणि चिमूटभर भंडारा ठेवायचा. शेजारी दिवटी (देवाची छोटी मशाल) पेटलेली पाहिजे, नंतर ती दुधाने शांत करायची, फुंकर मारायची नाही. मग देवाला भंडारा वाहून उरलेला सगळ्यांच्या कपाळाला, आणि खोबरं फोडून वाटायचं.

माणसं तीन, पाच, सात अशी विषम. सासऱ्यांना खुर्चीवर बसवून ताम्हणाला नुसता हात लावू द्या, देव काय त्यांचा गुडघा बघत नाही. बायकांचं म्हणाल तर आमच्याकडं बायका उचलत नाहीत. पण तो आमच्या घरचा रिवाज झाला, तुमच्या घरचा तुम्ही ठरवा.

साताऱ्याची_लेक:
कऱ्हाकाठचा, येळकोटाच्या आधी जे म्हणतात ते राहिलं की. आमचे आजोबा सुरू करायचे: हर हर महादेव, चिंतामणी मोरया, आनंदीचा उदे उदे, भैरोबाचा चांगभलं, आणि मग सदानंदाचा येळकोट, येळकोट येळकोट जय मल्हार. लहानपणी मला वाटायचं हे सगळं एकाच देवाचं नाव आहे. पुढे कळलं की महादेव झाला, गणपती झाला, देवी झाली, भैरोबा झाला आणि मग घरचा धनी. गावातल्या कुणालाच वगळायचं नाही, सगळ्यांना हाक मारून मग तळी उचलायची. मला तर पूर्ण विधीत हा भाग सगळ्यात आवडतो.

अवांतर, आमची जेजुरी नाही, पाली. कराडजवळची, तारळी नदीच्या काठची. तिथे पौषात देवाचं म्हाळसेशी लग्न लागतं आणि भंडाऱ्याने नदीचं वाळवंट, माणसं, घोडे, पोलीस सगळे एका रंगाचे होतात. घरी परत आल्यावर आई दारातच उभं करून झटकायची.

सदाशिव_शास्त्रार्थी:
मूळ प्रश्नाचं उत्तर कोणी स्पष्ट देत नाहीये म्हणून देतो. तळी हा पुरुषांनी करायचा कुळाचार आहे. आपल्या सोयीसाठी परंपरा बदलत गेलो तर उद्या ताम्हणाऐवजी पिझ्झाचा बॉक्स उचलू. शेजारचे, नात्यातले चार पुरुष बोलवा, यात एवढं अवघड काय आहे?

ठकूताई:
शास्त्रार्थीबुवा, तळीचं शास्त्र कुठल्या ग्रंथात आहे ते द्या की. मल्हारी माहात्म्यात मणि-मल्लाची कथा आहे, देवाचं वर्णन आहे. दिवटी, तळी, कोटंबा (वारी मागायचं पात्र), लंगर (देवापुढे तोडायची साखळी) हे सगळं लोकांनी घडवलंय. धनगर, रामोशी, कोळी, मराठा, देशस्थ ब्राह्मण, लिंगायत वाणी, प्रत्येकाच्या घरी वेगळं. या देवाचं सोवळं कधी एवढं कडक नव्हतंच, रामोशांना नि धनगरांना तो आधीपासून हाताशी होता, आपण फ्लॅटमध्ये आल्यावर कडक झालो.

सदाशिव_शास्त्रार्थी:
मी ‘कुळाचार’ लिहिलंय, ‘शास्त्र’ नाही. आयडी बघून प्रतिसाद वाचू नका.

ठकूताई:
हे मात्र बरोबर, मान्य. पण मग कुळाचार ठरवणार कोण? ज्या बाई वर्षानुवर्षं घट मांडतात, सहा दिवस दिवा विझू देत नाहीत, चातुर्मासभर घरात वांगं-कांदा शिरू देत नाहीत, त्यांना शेवटच्या दोन मिनिटांत बाजूला व्हायला सांगायचं?

सोलापुरी_चादर:
आमच्याकडं सोलापूरच्या बाळे गावचा खंडोबा. चंपाषष्ठीला बाळ्यात पाय ठेवायला जागा नसतंय. आमच्या घरात आजी होती तवर तिच्याशिवाय तळी उचलायची कुणाची टाप नव्हती. आजा लवकर गेला, पोरं लहान, मग कोण उचलणार? तिनं उचलली. गावात कुणी काय बोललं नाही. बोललं असतं तर आजीनं दिवटी घेऊनच मागं लागली असती.

नेवासकर:
लेकीच्या प्रश्नांकडे वळतो. म्हाळसा आमच्या नेवाशाची. तिमशेट नावाच्या लिंगायत वाण्याची मुलगी, खंडोबाने तिच्याशी पालीला लग्न केलं. बाणाई म्हणजे धनगराची पोर, तिचं गाव चंदनापुरी, मालेगावजवळ. कथा अशी की देव म्हाळसेशी सारीपाट खेळताना हरला आणि वनवासाला निघाला. बाणाईच्या वाड्यावर म्हातारा चाकर बनून राहिला, मेंढरं राखली, आणि काहीतरी करामत करून तिला बायको केली. घरी आणल्यावर म्हाळसेने जे काय सुनावलंय ते जागरणात ऐकावं. वाघ्या-मुरळी ते भांडण असं रंगवतात की पहाटेपर्यंत कुणी हलत नाही.

जेजुरीला म्हाळसा वर गाभाऱ्यात देवाशेजारी आणि बाणाईचं देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवर. म्हणजे भांडणाचा निकाल दगडात बांधून ठेवलाय.

भरीतप्रेमी:
म्हणजे दोन फ्लॅट, एकाच सोसायटीत. बिल्डर हुशार.

धनगरवाडा:
हसू नका राव, आमची आई आहे ती. आमच्याकडं बाणाईला ‘दुसरी’ कुणी म्हणत नाही. आमच्यासाठी तीच खरी, तिच्यामुळं देव रानात आला, आमच्या वाड्यावर राहिला. म्हाळसा घरातली, सोवळ्यातली, शेतीवाडीची आणि पेठेची. बाणाई रानातली. देवाला दोन्ही लागतात. आमचे म्हातारे सांगायचे की अर्धा डोंगर चढला की आधी आमच्या बाणाईपुढं वाका, मग वर जा.

ठकूताई:
धनगरवाडा, फार मोलाचं लिहिलंत. गुंथर सोन्थायमर म्हणून जर्मन अभ्यासक होते, १९९२ ला गेले, धनगरांबरोबर वर्षानुवर्षं हिंडले. त्यांचीही मांडणी साधारण अशीच, की वसलेलं गाव आणि भटकं रान यांना हा देव दोन लग्नांनी बांधतो. आणि बायका दोनच नाहीत. रंभाई शिंपीण, फुलाई माळीण, चंदाई बागवानीण अशीही नावं येतात. मुलीला सांगा, ज्या ज्या जातीला देव आपला वाटला त्या प्रत्येकीने आपली एक लेक त्याला दिली. जावई झाला की देव घरचा.

साताऱ्याची_लेक:
यातली बागवानीण मुसलमान बरं का. मुसलमान भक्त देवाला मल्लूखान म्हणतात.

सदाशिव_शास्त्रार्थी:
पुराणात म्हाळसा म्हणजे पार्वती आणि बाणाई म्हणजे गंगा, असा सरळ अर्थ आहे. शंकराच्या डोक्यावर गंगा, मांडीवर पार्वती, त्यांचंही भांडण प्रसिद्ध आहे. तुमचा समाजशास्त्राचा अर्थ त्याच्याबरोबर राहू दे, त्याच्याऐवजी नको.

ठकूताई:
हे आवडलं. +१

मार्दोळकार:
म्हाळसेचा विषय निघाला म्हणून लिहितोय. आमची म्हाळसा गोव्यातली, मार्दोळची. मूळ देऊळ वेर्ण्याला होतं, पोर्तुगिजांच्या काळात देवी मार्दोळला आणली. पण आमची म्हाळसा म्हणजे म्हाळसा नारायणी, विष्णूचा मोहिनी अवतार, गळ्यात जानवं असतं तिच्या. पुण्यात शिकायला होतो तेव्हा रूमवाल्याने घरच्या देवीचं नाव विचारलं, मी सांगितलं म्हाळसा, तो म्हणाला म्हणजे तुम्ही खंडोबाचे. मी म्हटलं आमचा खंडोबाशी काय संबंध? रात्रभर वाद. या दोघींचा काय संबंध आहे कोणाला ठाऊक आहे का?

नेवासकर:
मार्दोळकार, धागा आता रंगणार. नेवाशात मोहिनीराजाचं देऊळ आहे, म्हणजे तोच मोहिनी अवतार. आणि म्हाळसाही त्याच नेवाशाची, आमच्याकडचे लोक म्हाळसा ही मोहिनीचाच अंश असं मानतात. तेव्हा तुमचा रूमवाला आणि तुम्ही दोघेही काही अगदीच परके नव्हता. बाकी नेवासं म्हटलं की लोकांना ज्ञानेश्वरी आठवते, म्हाळसा कुणाला आठवत नाही, हे आमचं जुनं दुखणं.

मार्दोळकार:
आता त्याला फोन करतो. पंचवीस एक वर्षांनी हिशोब चुकता होईल.

पिवळा_डोंगर:
‘सगळं पिवळंच का’ याचं माझं उत्तर. खंडोबाचं एक नाव मार्तंड भैरव, आणि मार्तंड म्हणजे सूर्य. त्याचा वार रविवार. हळद म्हणजे त्या सूर्याचं तेज असं आमचे गुरुजी सांगतात. पण मला आपलं साधं वाटतं, की हळद ही गरिबातल्या गरिबाच्या घरात असते आणि लग्नाला, जखमेला, जेवणाला सगळीकडे लागते. देवाला सोनं वाहायची ऐपत नसलेल्याने मूठभर हळद उधळली तरी गड सोन्याचा होतो. म्हणून सोन्याची जेजुरी. तळीच्या वेळी म्हणतात ना, खोबऱ्याचा कुटका, भंडाऱ्याचा भडका.

फिल्टर_कॉफी:
उधळायला हरकत नाही, पण भंडारा बघून घ्या हो! गेल्या वेळी एका यात्रेत बाहेरून पाकीट घेतलं, डोळ्यात गेलं तर दोन दिवस डोळे लाल, अंगावर पुरळ. हळदीचा वासच नव्हता त्याला. हल्ली स्वस्तातली पिवळी पावडर भंडारा म्हणून सर्रास खपवतात.

प्रयोगशाळा:
फिल्टर_कॉफी, घरी करण्यासारखी एक चाचणी. पेल्यात पाणी घ्या, चमचाभर भंडारा टाका, ढवळू नका, तसाच ठेवा. खरी हळद बरीचशी तळाला बसते आणि पाणी फिकं पिवळं राहतं. रंग मिसळला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. दुसरं, चिमूटभर ओल्या चुन्यात घाला, खरी हळद लालसर होते, जुन्या पद्धतीचं कुंकू असंच तर होतं. मात्र भेसळीत थोडी हळद असेल तरी लाल दिसेल, म्हणून चुन्याने ‘हळद आहे’ एवढंच कळतं, ‘नुसती हळद आहे’ हे कळत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे हळकुंडं आणून दळून घ्यायची. तळीला लागतो तरी किती, वाटीभर.

आणि दिवटीजवळ मूठभर उधळू नका. हवेत उडालेली कुठलीही बारीक पूड ज्योतीवर पेट घेऊ शकते, हळद काय आणि पीठ काय. ‘भंडाऱ्याचा भडका’ शब्दशः घेऊ नये.

डेट्रॉईटचा_दादा:
प्रयोगशाळा, हे आम्हाला आधी कोणी का नाही सांगितलं :) आम्ही इकडे अपार्टमेंटमध्ये तळी भरली, दिवटी पेटवली, येळकोट केला, आणि स्मोक अलार्मने पण येळकोट केला. खालचा कोरियन शेजारी वर आला, त्याला खोबरं दिलं, कपाळाला भंडारा लावला, तो खूश. दुसऱ्या वर्षी स्वतःहून विचारत होता कधी आहे.

आणि मूळ प्रश्न: आमच्याकडे पुरुष एक. मी. बायको, आई, मुलगी आणि तो कोरियन धरून पाच. झाली तळी.

सोलापुरी_चादर:
दादा, कोरियनला पण बायको दिली असती देवानं, जुन्या काळात असता तर.

निवांत_बसलेला:
उलटं ओ, कोरियनानं देवाला लेक दिली असती.

घरचीआघाडी:
बाप रे, दोन दिवस नव्हते तर किती लिहिलंय सगळ्यांनी! लेकीला वाचून दाखवतेय. तिला जावयाचं स्पष्टीकरण सगळ्यात पटलं. आता तिचा पुढचा प्रश्न असा की टाकावर घोड्याच्या पायाशी जो पडलाय तो राक्षस, तर त्याला पण आपण हळद का लावतो?

कऱ्हाकाठचा:
हुशार आहे पोर. मणी आणि मल्ल हे दोघे भाऊ दैत्य. मणी मरताना शरण आला, आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि मला तुझ्याजवळ ठेव म्हणाला. देवाने ठेवला. म्हणून मणीची पूजा होते. मल्लाचं मुंडकं जेजुरीला पायरीशी, लोक त्यावर पाय देऊन वर जातात. पण देवाचं नाव बघा काय पडलं, मल्हारी, म्हणजे त्या मल्लाचंच नाव देवाला कायमचं चिकटलं.

अजून एक. खंडोबाला बकरं कापतात असं लोक म्हणतात ते अर्धवट आहे. देवाचा नैवेद्य गोडाचा नाहीतर भरीत-रोडग्याचा, म्हणजे शाकाहारी. बकऱ्याचा मान मणीचा.

सदाशिव_शास्त्रार्थी:
याला दुजोरा. आमच्या गावात हाच भेद कसोशीने पाळतात, जागासुद्धा वेगळी असते.

नळदुर्गचा_पाहुणा:
देवाच्या संसाराचं चाललंय तर हेही वाचा. आमचा देव वर्षातले बहुतेक महिने अणदूरला असतो आणि दोनेक महिने नळदुर्गला. मूर्ती एकच. दोन गावांत मूर्ती नेण्या-आणण्याचा लेखी करार होतो, देवळात, मानकऱ्यांसमोर, तारखा घालून. आमच्याकडं लोक भाडेकरारावरून भांडतात पण देवाच्या करारावरून भांडण झालेलं मी तरी पाहिलं नाही.

ठकूताई:
हे सगळं गोड गोड चाललंय म्हणून एक कडू घोट. मुलीला मुरळीबद्दलही सांगा, नववीत आहे, कळतं तिला. नवसाने लहान मुलींना देवाशी लग्न लावून सोडायचे, त्यांचं पुढे काय व्हायचं ते सगळ्यांना माहीत होतं. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०८ च्या सुमारास आपल्या ‘सोमवंशीय मित्र’ या पत्रातून याविरुद्ध आवाज उठवला, शाहू महाराजांनी करवीरात (कोल्हापूर संस्थानात) १९२० ला कायद्याने बंदी घातली, मुंबई प्रांतात १९३४ चा कायदा आला, आणि तरीही महाराष्ट्राला २००५ चा देवदासी प्रथा बंदीचा कायदा करावा लागला. पहिल्या बंदीपासून पंच्याऐंशी वर्षं लागतात एका गोष्टीला. जागरण ऐकताना दिमडीच्या ठेक्यावर मीही डोलते, पण हे विसरून नाही.

धनगरवाडा:
खरंय ताई. आता जागरणाला येणाऱ्या मुरळ्या कलावंत म्हणून येतात, पार्टीबरोबर, बिदागी ठरवून. आमच्या भागातल्या एका पार्टीतली मुरळी दोन पोरांची आई आहे, नवरा तुणतुणं वाजवतो, तीच व्यवहार बघते. पण म्हाताऱ्या मुरळ्या अजून आहेत गावोगाव, त्यांना कुणी विचारत नाही. रविवारी कोटंबा घेऊन वारी मागायला आली तर नुसतं पीठ नका घालू, बसवा, चहा द्या, बोला.

भरीतप्रेमी:
गंभीर झालं. माझा प्रश्न तसाच आहे, भरीतात कांदा असतो ना?

आजी_ऑनलाईन:
अरे कांदा तर पाहिजेच, त्या दिवशी तर सुटतो तो. आषाढीपासून वांगी-कांदा-लसूण बंद, ते वांगेसटीला (चंपाषष्ठीला) देवाला दाखवून मग खायचं. वांगी चुलीवर भाजलेली, पातीचा कांदा, लसूण, हिरवी मिरची, वरून कच्चं तेल. बाजरीचा रोडगा. आमच्या माहेरी ठोंबरा पण असायचा, जोंधळे मऊ शिजवून त्यात दही-मीठ, हल्ली कुणी करत नाही. आणि पहिला घास कुत्र्याला. हे विसरू नका. टाकावर कुत्रा आहे तो काय शोभेला नाही, देवाच्या शिकारीचा सोबती आहे. आमचे सासरे कुत्रा मिळेपर्यंत जेवायचे नाहीत, आणि नेमका त्या दिवशी गल्लीतला प्रत्येक कुत्रा तुडुंब झालेला असायचा, मग हे ताट घेऊन त्याच्या मागे मागे.

सूनबाई, तुझ्या प्रश्नाचं सांगते. मी सून म्हणून आले तेव्हा मला तळीच्या खोलीत उभंसुद्धा राहू देत नव्हते. आता माझ्या नाती टोपी घालून तळी उचलतात, सगळ्यात मोठ्याने येळकोट त्यांचाच. मधल्या काळात काही कोसळलं नाही. पण तुझ्या सासूबाईंना न विचारता करू नकोस. त्यांना विचार, आणि ‘आम्ही उचलू का’ असं नको विचारूस. ‘तुम्ही पण हात लावाल ना’ असं विचार.

साताऱ्याची_लेक:
आजी 🙏 हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवायला हवा.

सदाशिव_शास्त्रार्थी:
आजींपुढे काय बोलणार. घरातल्या मोठ्यांच्या संमतीने होत असेल तर माझा मूळ आक्षेप उरत नाही. पिझ्झा बॉक्सवर मात्र ठाम आहे.

नवविवाहित_२:
साईडने विचारतो, आमचं लग्न झालंय नुकतंच, जेजुरीला जायचंय. बायकोला उचलून पायऱ्या चढाव्या लागतात ते सगळ्या का? ऐकलंय नवलाख पायरी आहे.

कऱ्हाकाठचा:
नवलाख हे गाण्यातलं. गडाच्या पायऱ्या साडेतीनशे-चारशेच्या आत-बाहेर. आणि उचलून फक्त पाच चढतात लोक. पुढं दोघं आपापल्या पायांनी. वर देवळापुढं मोठं पितळी कासव आहे, तिथं तळी भरता येते, आयते पाच लोक मिळतात. दसऱ्याला गेलात तर खंडा उचलायची स्पर्धा बघा, मणभर वजनाची तलवार आहे, चाळीसेक किलो. एका हाताने तोलतात, दातात धरून पण उचलतात. बायकोला उचलायची प्रॅक्टिस तिथंच होईल.

नवविवाहित_२:
बायको म्हणते पाच पायऱ्या ती मला उचलणार, ती जिमला जाते, मी नाही.

सोलापुरी_चादर:
फोटो टाका.

घरचीआघाडी:
सगळ्यांचे आभार. आजींनी सांगितलं तसंच विचारलं. सासूबाई आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या माझ्या डोक्यावर टोपी नको, मी पदर घेईन. म्हणजे नवरा, सासरे (खुर्चीवर), सासूबाई, मी आणि धाकटी मिळून पाच. मोठीला मोबाईलवर जाऊबाईंना व्हिडिओ कॉल लावायचं काम दिलंय, ती म्हणते हा अन्याय आहे, पुढच्या वर्षी अदलाबदल. हळकुंडं आणली, गिरणीवाला म्हणाला हळद दळून देणार नाही, पुढचं पीठ पिवळं होतं. मिक्सरमध्येच करते आता. दिवटीला तेल कुठलं वापरता सगळे? आणि पोत (दिवटीची वात) कशाचा करायचा, बाजारात तयार मिळतो का?

कऱ्हाकाठचा:
गोडेतेल चालतं, आमच्याकडं करडईचं घेतात. पोत जुन्या धुतलेल्या सुती कापडाचा, घट्ट पिळून वळायचा. नायलॉन मिसळलेलं कापड अजिबात नको, वितळून ठिबकतं. तयार घेण्यापेक्षा घरच्या जुन्या धोतराचा उत्तम.

घरचीआघाडी:
धोतर सासऱ्यांचं आहे एक. पण ते द्यायला तयार नाहीत.

आजी_ऑनलाईन:
सुती साडीचा काठ काढून बाकीचं वापर. माझ्याकडे तेच करतात.